गाडीची धडक आणि अंगाचा ताठरपणा
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गट कार्यालयात ऊस नोंदीच्या निमित्ताने चार माणसे जमली, की लागण-खोडव्याची चर्चा संपल्यावर बोलणे हटकून रस्त्यावरच्या अपघातांकडे वळते. आणि तिथे एक वाक्य ठरलेले असते. "त्याचं अंग ढिलं होतं म्हणून तो वाचला. शेजारचा ताठ बसला होता, तो मोडला." कोणी म्हणतो, झोपेत होता म्हणून काही झालं नाही. कोणी त्याच्याही पुढे जाऊन म्हणतो, "साहेब, घेतलेल्या माणसाला लागत नाही बघा. त्याला भीतीच वाटत नाही, मग अंग आवळणार कशाला?"

शेतकी विभागाने बेणे, खत, पाणी यावर लिहावे, मोटार अपघातावर कशाला, असे काही जण म्हणतील. पण गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रातले रस्ते रात्रंदिवस उसाच्या वाहनांनी भरतात. सभासदांची ये-जा वाढते. आमचे कर्मचारी तोडणी प्रोग्रॅमसाठी वेळी-अवेळी फिरतात. अशा दिवसांत खोट्या समजुतीवर विसंबून कोणी पट्टा न लावता गाडीत बसला, तर त्याच्या घराचे नुकसान कोणत्याही उतार्‍याने भरून निघणारे नाही. म्हणून हा विषय नीट हिशेब मांडून समजून घेऊ.

१. या समजुतीचे मूळ

आपण शेतकरी माणसे. वाकते ते टिकते, हे आपण रोज पाहतो. वादळी पावसात ऊस लोळतो, पण बहुतेक जागी मोडत नाही. बांधावरचे वाळके, ताठ झाड मात्र कडाडून पडते. यावरून "अंग सैल ठेवा, मार लागणार नाही" असे मनात येणे साहजिक आहे.

पण इथे वेळेचा फरक ध्यानात घेतला पाहिजे. वारा उसाला हळूहळू रेटतो, उसाला वाकायला अवधी मिळतो. कोयत्याचा घाव मात्र क्षणात बसतो. त्या घावापुढे ऊस वाकत नाही, तुटतो. तो ऊस हिरवा आहे की वाळका, याने कोयता थांबत नाही. मोटारीची धडक ही वार्‍याच्या जातीची नसून कोयत्याच्या जातीची आहे.

२. जोराचा हिशेब

ताशी ५० किलोमीटर हा वेग आपल्याला फार वाटत नाही. पण या वेगाने जाणारी गाडी भिंतीवर किंवा झाडावर आदळली, तर आतल्या माणसाच्या दृष्टीने ते सुमारे ३२ फूट खोल कोरड्या विहिरीत पडण्यासारखे असते. वेग दुप्पट झाला की ही खोली दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ४० ला सुमारे २० फूट, तर ताशी ८० ला सुमारे ८० फूट. आपल्या भागात ८० फूट विहिरीत पडलेला माणूस "अंग ढिलं होतं म्हणून वाचला" असे कोणी म्हणणार नाही. रस्त्यावर मात्र म्हणतो!

आता भार पाहू. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपतो, तो मुद्दाम चेपण्यासारखाच बनवलेला असतो. समजा तो ६० सेंटिमीटर चेपला आणि पट्टा लावलेला माणूस गाडीबरोबर तेवढ्या अंतरात थांबला. ७० किलो वजनाच्या माणसावर त्या वेळी सरासरी साडेअकरा क्विंटलचा भार येतो. हा भार पट्टा सोसतो, आणि तो छातीच्या पिंजर्‍यावर, खांद्याच्या व कमरेच्या हाडांवर वाटून देतो.

ज्याने पट्टा लावलेला नाही तो गाडीबरोबर थांबत नाही. गाडी चेपत असताना तो पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहतो आणि स्टिअरिंगवर, काचेवर किंवा पुढच्या सीटवर आपटतो. तिथे त्याला थांबायला चार-पाच सेंटिमीटरच मिळतात. पाच सेंटिमीटर धरले तर भार पावणेचौदा टनांच्या घरात जातो. उसाने गच्च भरलेली ट्रॉली अंगावर येण्यासारखाच हा प्रकार झाला.

आता सांगा, हात रोवून कोण हा भार अडवील? कसलेला हमाल एक क्विंटलचे पोते पाठीवर घेतो. साडेअकरा क्विंटल दोन हातांवर कोणीच तोलू शकत नाही. म्हणजे अंग आवळून धडक अडवणे अशक्य. आणि अंग ढिले सोडून तो भार नाहीसा होतो असेही नाही. भार तेवढाच राहतो, तो कशावर पडतो एवढाच प्रश्न उरतो.

३. वेळेचा हिशेब

वरच्या उदाहरणातली धडक सुरू होऊन संपायला सेकंदाचा बारावा भाग लागतो. बेसावध माणसाचे स्नायू धक्का जाणवल्यावर आवळायला लागतात, पण त्यालाच सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याच्या जवळपास वेळ जातो. पुरा जोर येईपर्यंत आणखी उशीर होतो. म्हणजे झोपलेला किंवा दुसरीकडे पाहत असलेला प्रवासी आवळण्याच्या आत धडक होऊन गेलेली असते.

ज्याला समोरचा धोका आधी दिसला त्याची गोष्ट वेगळी. तो आपोआप आवळतो. पाय ब्रेकवर रोवतो, हात ताठ करतो. हे मनाने ठरवून होत नाही आणि मनाने ठरवून थांबवताही येत नाही. धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच साधारण एक ते दीड सेकंद जातो, आणि ताशी ५० च्या वेगात तेवढ्यात गाडी १४ ते २० मीटर पुढे गेलेली असते. अशा वेळी "आता अंग सैल सोडू" असा विचार करायला सवड कुठली? असलेली सवड ब्रेक दाबण्यात आणि गाडी सांभाळण्यात घालवावी. अंग सैल करण्याच्या नादात ब्रेकवरचा पाय ढिला पडला तर धडक आणखी जोराची होईल.

४. ताठरल्याने नेमके काय होते

या समजुतीत काहीच तथ्य नाही असे म्हणणेही बरोबर नाही. शरीराचे जे भाग वेगवेगळे वागतात ते वेगवेगळेच पाहावे लागतील.

पाय : ब्रेकवर ताठ रोवलेल्या पायात स्नायूंनी आधीच दाब भरलेला असतो. त्यात पायाखालची पत्र्याची जमीन आत आली की तो दाब व धडकेचा दाब एकत्र होऊन घोटा, नडगी, मांडी आणि खुबा यांच्यावर जातो. जोराच्या समोरासमोर धडकेत चालकाच्या पायाला इजा होण्याचे हे एक कारण आहे. पण म्हणून ब्रेक सोडून द्यावा असा याचा अर्थ नाही. ब्रेकने कमी झालेला वेग पायाच्या धोक्यापेक्षा कितीतरी जास्त वाचवतो.

हात : कोपरे ताठ करून स्टिअरिंग धरले किंवा शेजारी बसून डॅशबोर्डला हात लावला, तर मनगट आणि कोपर यांवर भार येतो. घसरून पडताना हात टेकला की मनगट मोडते, तोच हा प्रकार.

मान : इथे मात्र उलटे आहे. मागून धडक बसली की सीट पाठीला पुढे ढकलते आणि डोके जागच्या जागी राहते. त्यामुळे मानेला झटका बसतो. १९९४ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना धडकेची कल्पना नव्हती आणि ज्यांची मान त्या वेळी वळलेली किंवा कललेली होती, त्यांचा त्रास जास्त आढळला. म्हणजे बेसावध, सैल मान ही वाचवणारी नसून गोत्यात आणणारी ठरली.

धड : अमेरिकेत व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात जिवंत स्वयंसेवकांना पट्टा लावून हलके धक्के दिले गेले, ताशी ५ ते १० किलोमीटरच्या आसपासचे. ज्यांनी आधीच अंग आवळले होते ते सैल बसलेल्यांपेक्षा कमी पुढे झुकले. म्हणजे हलक्या धक्क्यात आवळण्याचा थोडा उपयोग होतो. पण माणसे जायबंदी होतात ती अशा धक्क्यात नव्हे. वेग वाढला की स्नायूंचा जोर धडकेच्या जोरापुढे किरकोळ ठरतो.

तात्पर्य, अंग ताठ की सैल याचा थोडाफार परिणाम होतो, कुठे बरा, कुठे वाईट. जीव वाचण्या-न वाचण्याचा फैसला त्यावर होत नाही.

५. "घेतलेला माणूस वाचतो" याची शहानिशा

हा समज सर्वांत घातक, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. १९८६ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील दहा लाखांहून अधिक अपघातग्रस्त चालकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गाडीचा वेग, गाडीचे नुकसान, पट्टा लावला होता की नाही, वय, अशा गोष्टी सारख्या धरून तुलना केली. निष्कर्ष असा निघाला की सारख्याच अपघातात दारू प्यालेल्या चालकाला गंभीर इजा होण्याचा वा मरण येण्याचा संभव न प्यालेल्यापेक्षा जास्त होता. दारू अंगाला वाचवत नाही, उलट जखम सोसण्याची ताकद कमी करते.

मग उलट गोष्टी का ऐकू येतात? इस्पितळांच्या काही नोंदींत असेही दिसले आहे की, दाखल झालेल्या जखमींपैकी दारू प्यालेले थोडे कमी दगावले. पण या नोंदीत फक्त दाखल झालेलेच येतात. जे रस्त्यावरच गेले त्यांची नोंद तिथे कशी होणार?

ही गोष्ट आपल्या धंद्यातल्या उदाहरणाने चटकन पटेल. एखाद्या प्लॉटची पक्वता पाहायची तर आम्ही हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन प्लॉटच्या निरनिराळ्या जागचे ऊस घेतो, ब्रिक्स पाहतो व सरासरी काढतो. कोणी बांधालगतचा एकच जाडजूड, चांगला ऊस काढून दिला आणि म्हणाला, "बघा साहेब, ब्रिक्स बावीस," तर तेवढ्यावर आम्ही सगळा प्लॉट तोडीला लावत नाही. अपघाताचेही तसेच आहे. झोपेत वाचलेला, पिऊन वाचलेला माणूस पारावर बसून आपली गोष्ट दहा वेळा सांगतो. जो गेला तो सांगायला येत नाही. आपण वाचलेल्यांचाच ब्रिक्स पाहतो आणि त्यालाच सरासरी समजतो.

शिवाय झोपलेला माणूस सीट मागे पाडून आडवा झालेला असतो. धडकेत तो पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि कमरेचा पट्टा हाडावरून सरकून पोटात रुततो. आतले अवयव फाटतात. तेव्हा प्रवाशाने झोपायचे असेल तरी सीट उभी ठेवून आणि पट्टा लावूनच डोळा लावावा. चालकाला झोप येत असेल तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाजूला घेऊन थांबावे, दुसरा इलाज नाही.

६. बांधलेला माणूस किती सोसतो

अमेरिकेच्या हवाई दलात जॉन पॉल स्टॅप नावाचे डॉक्टर अधिकारी होते. माणसाचे शरीर किती धक्का सोसू शकते हे पाहण्यासाठी ते स्वतःच रुळांवरून धावणार्‍या रॉकेटच्या घसरगाडीवर बसत. १० डिसेंबर १९५४ रोजी त्यांची गाडी ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेगाला पोचली आणि अवघ्या १.४ सेकंदात थांबली. थांबताना त्यांच्या अंगावर त्यांच्या वजनाच्या ४६ पटींपर्यंत भार आला. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले. पण ते वाचले, आणि पुढे १९९९ पर्यंत जगले.

त्यांना धक्का केव्हा बसणार हे पुरते माहीत होते. तेव्हा "बेसावध असल्याने वाचले" असे त्यांच्याबाबत म्हणताच येणार नाही. ते वाचले कारण त्यांना खांद्यापासून मांडीपर्यंत पट्ट्यांनी घट्ट बांधले होते. ऊस भरताना मोळी आवळून बांधली तर खड्ड्यातही हलत नाही, ढिली मोळी पहिल्याच वळणावर विस्कटते. माणसाचेही असेच आहे. आवळायचे ते अंग नव्हे, पट्टा आवळायचा!

१९५९ साली व्होल्वो कंपनीच्या निल्स बोहलिन या इंजिनिअरने आजचा खांदा व कंबर धरणारा तीन टोकांचा पट्टा तयार केला, आणि कंपनीने तो इतर कारखानदारांनाही वापरू दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे पट्ट्यामुळे मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो.

७. मागची सीट आणि मांडीवरचे मूल

"मागे बसल्यावर कशाला पट्टा?" असे पुष्कळ जण विचारतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी व भक्कम होती. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेले मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी मात्र गेले. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात पट्टा न लावलेले १६,७१५ जण मृत्यू पावले. त्यांतले ८,३३१ चालक नव्हे तर प्रवासी होते.

मागे बसणारा स्वतःच जातो असे नाही. जपानमधील एक लाखाहून जास्त मोटारींच्या अपघातांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. मागचा प्रवासी पट्ट्याविना असेल, तर पुढे पट्टा लावून बसलेल्याच्याही मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असे तीत दिसले. मागचा माणूस भरल्या पोत्यासारखा पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो.

आया-बहिणींना आमची कळकळीची विनंती आहे. "मी बाळाला घट्ट धरते" हा भरवसा खरा नाही. वरच्याच हिशेबाने १० किलोचे मूल धडकेत १६० किलोहून जास्त ओढ देते. कोणत्याही आईचे हात ती ओढ धरू शकत नाहीत, मग ते कितीही आवळलेले असोत. आणि पुढच्या सीटवर मूल मांडीवर घेतले असेल तर ते आईच्या अंगात व डॅशबोर्डात चिरडते. लहान मुलाला मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या मुलांच्या सीटमध्येच बांधावे. एकच पट्टा आई व मूल दोघांभोवती कधीही घेऊ नये.

८. मग बसावे कसे?

(१) कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर हवा. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यावा.

(२) खांद्याचा पट्टा गळपट्टीच्या हाडावरून व छातीच्या मधून जावा. काखेखालून किंवा पाठीमागून घेऊ नये. पट्ट्याला पीळ नसावा. जाड घोंगडी किंवा शाल पट्ट्याच्या आत घेऊन बसू नये.

(३) पट्टा आधीच पाठीमागे अडकवून त्याच्यावर बसायचे, म्हणजे गाडीची शिट्टी बंद होते, हा उद्योग सर्रास चालतो. शिट्टी बंद होते, धोका बंद होत नाही. अशाने एअरबॅगही घात करते, कारण ती पट्टा लावलेल्या माणसासाठी असते.

(४) चालकाची छाती स्टिअरिंगपासून किमान २५ सेंटिमीटर दूर असावी. कोपरे थोडी वाकलेली असावीत. शेजारच्याने पाय डॅशबोर्डवर टाकून बसू नये.

(५) सीटच्या वरची उशी डोक्याच्या माथ्यापर्यंत यावी आणि डोक्याच्या शक्य तितकी जवळ असावी. मागून गाडी आदळणार असे दिसलेच, तर तोंड समोर करून डोके त्या उशीला टेकवावे. सैल की ताठ हा विचार सोडून द्यावा, एवढी एकच गोष्ट त्या क्षणी कामाची आहे.

(६) मोटारसायकलवर पट्टा नसतो. तिथे हेल्मेट, आणि त्याचा हनुवटीखालचा बंद लावलेला, एवढाच आधार आहे. हा नियम मागे बसणार्‍यालाही लागू आहे.

पट्टा न लावल्यास २०१९ च्या दुरुस्त कायद्याप्रमाणे एक हजार रुपये दंड आहे. पण दंडासाठी पट्टा लावणे म्हणजे तपासणीला माणूस येणार म्हणून खत टाकण्यासारखे आहे. फायदा आपलाच आहे.

९. वाहतूकदार सभासदांसाठी

एका प्रकारच्या धडकेत वरचे सगळे उपायही तोकडे पडतात. रात्री रस्त्याकडेला दिवा नसलेली ट्रॉली उभी असते आणि मागून येणारी मोटार तिच्याखाली घुसते. ट्रॉलीचा सांगाडा उंच असतो. मोटारीचा चेपणारा भाग त्याच्या खालून निसटतो आणि ट्रॉलीची कड व बाहेर आलेले ऊस थेट काचेच्या उंचीवर येतात. तिथे पट्टा काय करील आणि एअरबॅग काय करील?

सबब प्रत्येक वाहतूकदाराने ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर व चमकणारी पट्टी लावावी. ती उसाने झाकली जाणार नाही अशा जागी लावावी, आणि चिखल बसला की पुसून घ्यावी. बैलगाडीलाही मागे लावावी. टायर पंक्चर झाले तर ट्रॉली डांबरावर न ठेवता पूर्ण खाली घ्यावी. तशी जागाच नसेल तर मागे बर्‍याच अंतरावर खूण ठेवून माणूस उभा करावा. या पट्टीचा खर्च एका खेपेच्या डिझेलपुढे काहीच नाही.

सभासद बंधूंनो, आमचे शिक्षण शेतीचे. पण साडेअकरा क्विंटलचा भार हाताने तोलत नाही, हे समजायला डॉक्टर असावे लागत नाही. पुढच्या वेळी पारावर कोणी "अंग ढिलं होतं म्हणून वाचला" म्हणाला, तर त्याला इतकेच विचारा, "पट्टा लावला होता का, आणि गाडी किती वेगात होती?" बहुतेक वेळा खरे उत्तर या दोन प्रश्नांत सापडेल.

हा अंक घरातल्या गाडी चालवणार्‍या मुलाला आणि मागे बसणार्‍या मंडळींनाही वाचून दाखवावा, ही विनंती.